झाडगावचे घर व उजेडाचे सामान यांची व्यवस्था

मी चारुदत्त विनायक फणसळकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी फोटो काढण्याचा व नंतर सिनेमाला उजेड देण्याचा, राहणार झाडगाव, रत्नागिरी. दम्याने छाती भरते, पण डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. आम्हांस मूलबाळ नाही. माझ्यामागे माझी पत्नी सौ. कुसुम हिला कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो.

१. देवरूखचे वडिलार्जित घर व भातजमीन यांतला माझा हिस्सा मी धाकटा भाऊ श्रीपती यास पूर्वीच रजिस्टर करून सोडून दिला आहे. झाडगावच्या घराला मात्र वडिलांचा एक चिराही लागलेला नाही. ते सर्वस्वी माझ्या कमाईचे आहे. हे ठासून लिहिण्याचे कारण, श्रीपतीचे मुलगे या घराला एकत्र कुटुंबाचे म्हणतात असे कानावर आले आहे.

२. ती कमाई कशी झाली हे पुढे कोर्टात कोणी विचारील, म्हणून लिहितो. घर फोटोंच्या पैशातून उभे राहिले, त्याचे कर्ज सिनेमाच्या पैशातून फिटले. मूकपटांच्या काळात मुंबईच्या लहान कंपन्या बोटीने इथल्या मांडवी बंदरात उतरत. एक कॅमेरा, दाढ्या-मुकुटांची एक पेटी आणि खिसा रिकामा. विजेचे दिवे त्यांना परवडत नसत, म्हणून राजवाड्याच्या आतला प्रसंगसुद्धा उन्हातच घ्यावा लागे. त्यासाठी मी माझ्या माजघराची कौले उतरवली. पावसाळा सरला की उतरवायची, मिरगाआधी पुन्हा शाकारायचे. उघड्या वाशांवर मांजरपाटाचे कापड ताणले की दुपारचे रखरखीत ऊन खाली मऊ होऊन येई. खालून माझ्या हाताखालचा भागोजी मयेकर पत्रा धरी. पत्रा म्हणजे चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवलेली फळी. तिने नटांच्या हनुवटीखालचा काळोख जाई. मांजरपाट ताणायला कुसुम शिडीने चढून वाशांवर बसे, कारण गड्यांच्या वजनाने वासे कुरकुरत आणि ढग कोणत्या बाजूने येतो हे तिला माझ्याआधी कळे. खाली राजेमहाराजे गादीवर प्राण सोडत आणि वर कासोटा आवळून कुसुम बसलेली असे. ते दिवस आठवले की मला आजही फार सुख होते.

३. राहीबाई नावाच्या नटीला एकदा काही केल्या रडू येईना. डायरेक्टर चिडले, दिवस कलायला लागला. कुसुम खाली उतरली, भागोजीच्या हातातला पत्रा तिने किंचित वळवला आणि तिरीप थेट राहीबाईंच्या डोळ्यांत सोडली. घळाघळा पाणी आले. पुढे सिनेमाच्या तंबूत बायका त्या प्रसंगाला डोळ्यांना पदर लावत. वर्तमानपत्रात राहीबाईंच्या अभिनयाची तारीफ आली, ती मी कापून फ्रेम केली आहे. ती फ्रेम कुसुमची.

४. त्या चित्रपटाच्या नामावळीत कंपनीने माझे नाव 'घरमालक' म्हणून घातले. उजेडाचा उल्लेख नाही. कंपनीचे मालक समाचाराला आल्यास त्यांस चहा द्यावा, साखर कमी घालावी.

५. श्रीपती त्याच चित्राच्या वेळी देवरूखहून आला होता. भरल्या माजघरात उभा राहून म्हणाला की वहिनी वाशांवर बसते आणि रस्त्यावरची माणसे मान वर करून बघतात, या घरचे पाणी यापुढे मला चालणार नाही. कुसुम वरूनच म्हणाली, "भावोजी, तुमची सावली राणीवर पडत्ये, जरा सरका." सगळे हसले. श्रीपती गेला तो पुन्हा या उंबऱ्याच्या आत आला नाही. मला तेव्हा राग आला होता. आता त्याची आठवण येते.

६. बोलपट आले आणि त्यांना बंद खोल्या लागू लागल्या. आमच्याकडे कावळे आणि समुद्र दोघेही गप्प बसत नाहीत. आमचा धंदा तिथेच संपला. पत्रे, ऊन वळवायचे आरसे व शिडी भागोजीला द्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावली तरी माझी हरकत नाही, पण आरसे पुसून ठेवावेत.

७. झाडगावचे घर, परसातली आंब्याची झाडे आणि पोस्टातली शिल्लक मी कुसुमला देतो. वकिलांच्या सल्ल्याने मसुद्यात आधी 'हयातीपुरते' असे लिहिले होते. तशी रीत आहे म्हणतात. तिच्यामागे घर पुतण्यांकडे जावे असा त्याचा अर्थ. मी मसुदा वाचत असता ती तांदूळ धुता धुता बाहेर आली. "हयातीपुरतं दिलंत तर मी माझ्याच घरात पाहुणी. मालकी द्या, नाहीतर लिहूच नका." तिचे म्हणणे खरे आहे. तो शब्द मी खोडला असून खाडाखोडीवर सही केली आहे. घर पूर्ण मालकीने तिचे. तिने राहावे, विकावे, वाटेल त्यास द्यावे.

८. वकील म्हणतात, आता पुतणे दावा लावल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्या बापाचीच साक्ष पडली तर मात्र त्यांना तोंड उरणार नाही. म्हणून मी श्रीपतीला पत्र घातले. आज तो सर्व्हिस मोटारीने आला आहे. ओटीवर बसून मागची पाने वाचतो आहे. पाण्याचे भांडे शेजारी तसेच आहे. सही करील की नाही, हे लिहीत असता मला ठाऊक नाही. दुसऱ्या साक्षीची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवतो.

येणेप्रमाणे माझी इच्छा आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही.

मुक्काम रत्नागिरी, ता. १२ एप्रिल १९३६
चारुदत्त विनायक फणसळकर, सही दस्तुरखुद्द

साक्ष:
१. भागोजी सोनू मयेकर, राहणार मांडवी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

२. श्रीपती विनायक फणसळकर, राहणार देवरूख. दादाने सही माझ्यासमोर केली. कलम पाचमध्ये लिहिले आहे इतके मी बोललो नव्हतो. ते चित्र मी पुढे चिपळूणला तंबूत पाहिले, घरी सांगितले नाही. घर वहिनींचे आहे. माझ्या मुलांनी दावा लावला तर वहिनींच्या बाजूने साक्षीला मी उभा राहीन. पाणी प्यायलो. सही दस्तुरखुद्द.