मागच्या पायरीतला निळा तुकडा

अहो,

तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गरजच पडली नाही, सकाळी चहा गाळताना बोलतच असते की तुमच्याशी! आज मात्र तोंडाने बोलवत नाही. टेबलावर एक रिपोर्ट पडलाय. सगळा भरून झालाय, एकच रकाना कोरा आहे : 'बांधकाम कोणी केले, माहीत असल्यास.' संध्याकाळपर्यंत तो पाठवायचाय. तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

आधी बाकीचं सांगते. मी आता घरं तपासते. हसू नका! मुंबई-पुण्याची माणसं इथे रत्नागिरीत जुनी घरं विकत घेतात. घेण्याआधी कुठे ओल आहे, कुठे वाळवी आहे, वासे किती दिवस टिकतील, हे खरं सांगणारं कोणीतरी त्यांना हवं असतं. मी जाते, ठोकून बघते, फोटो काढते, लिहून देते. फोनवर तीन महिन्यांचा कोर्स केला. एकसष्टाव्या वर्षी परीक्षेला बसले आणि पास झाले.

निखिल म्हणाला, "आई, तू आणि शिडी? पडलीस तर पुण्याहून यायला मला आठ तास लागतात." त्याला मी त्याच्याकडे हवी आहे, ज्या खोलीतून समोरच्या बिल्डिंगचा जिना दिसतो त्या खोलीत. मी म्हटलं, "घरं बांधणाऱ्या तुझ्या बाबांची तीस वर्षांची बडबड ऐकलीय, ती काय वाया घालवू?"

खरंच की नाही? तुमची मुंबईच्या मालकांना जाणारी इंग्रजी पत्रं कोण लिहायचं? कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून घडवलेलं माझं अक्षर, आणि तुम्ही मागे येरझाऱ्या घालत सांगायचात, "लिही, भिंत ओळंब्याला दोन सूत बाहेर आहे." मी विचारायची, "सूत म्हणजे इंग्रजीत काय?" तुम्ही म्हणायचात, "ते तुझ्या सिस्टरला विचार. मला भिंत कळते!"

तुमचा तो ओळंबा आता माझ्या पिशवीत असतो. लोक फोन करतात तेही तुमच्या नावानेच. 'भाऊंच्या घरच्या वहिनी बघणार असतील तर प्रश्नच नाही.' माझं सर्टिफिकेट अजून एकानेही मागितलेलं नाही.

परवा मुग्धाचा फोन आला. ठाण्याची मुलगी, सातवा महिना चालू आहे तिला. बाळाला घेऊन इथेच राहायचं म्हणते, नवरा घरून काम करतो. घर कोणतं, तर कुवारबावच्या पुढचं गुरुजींचं! गुरुजी गेले, मुलं मुंबईला, घर वर्षातून दोनदा उघडतं. मला इतका आनंद झाला! तुम्ही बांधलेलं घर मी तपासणार! तिला मुद्दाम काही बोलले नाही. ठरवलं, सगळं 'उत्तम, उत्तम' लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात तुमचं नाव. म्हणून तो रकाना कोरा ठेवला होता. गर्वाने ठेवला होता हो!

गेल्या गेल्या आधी मागीलदारी गेले. पायरीत तुकडा होता. निळ्या फुलाची अर्धी पाकळी.

आठवतो ना तो निळ्या फुलांचा कप? सुंदर अक्षराचं बक्षीस म्हणून शाळेत मिळालेला. लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही फोडलात आणि मी दिवसभर रडले. तुम्ही एकही तुकडा टाकला नाहीत. पुढे जे घर बांधलंत, त्याच्या मागच्या पायरीत एक तुकडा बसवत गेलात. म्हणायचात, "पुढच्या दारी सगळेच सही करतात. मागच्या दारी जो सही करतो, त्याला कामाची लाज नसते."

मी त्या पाकळीवरून बोट फिरवलं आणि आत गेले.

माजघराची भिंत नवीन रंगाची होती. थापीच्या दांड्याने ठोकली. आवाज आला नाही. म्हणजे आला, पण उशीवर ठोकल्यासारखा. पुढे सरकले, तसाच. मुग्धा हसून म्हणाली, "काकू, अगदी डॉक्टरसारख्या ठोकताय. खोकायला सांगू का भिंतीला?" मीही हसले. मग दाराच्या वरच्या भिंतीचा रंग नखाने खरवडला, तर खाली पायऱ्या-पायऱ्यांची चीर, थेट तुळईच्या टोकापर्यंत गेलेली. गिलावा काढला आणि आतल्या दगडी चिऱ्यात पेचकस टोचला. दोन बोटं आत गेला. चार ठिकाणी टोचला. चारही ठिकाणी तेच.

जांभ्याचा चिरा असा? तुमच्या घरातला?

मुग्धा तुळईच्या कडीकडे बघत होती. "काकू, पाळणा इथेच टांगणार आहोत. कडी आहेच आयती."

मी तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. तिला वाटलं, मला चक्कर आली.

तिथून रिक्षा केली ती थेट खेडशीला, गंगारामकडे. तुमचा गंगाराम गवंडी आता काठी घेऊन ओटीवर बसतो. मला बघून म्हणाला, "या वैनी! आता माजी पन तपासनी करायला आलाव काय? पाया ढिला झालाय, लिवून घ्या." मी गुरुजींच्या घराचं नाव काढलं आणि त्याचं हसू गेलं.

"वैनी, ऱ्हाऊ द्या ना. भाऊ गेले."

"गंगाराम, त्या घरात बाळ येणार आहे."

त्याने काठीचं टोक जमिनीत फिरवलं. मग म्हणाला, "तो चिरा, घर बांदलं त्याच उन्हाळ्यात खानीतून काडलेला व्हता. पावसाळा बघून टणक झालेलाच नाय. दोन्ही अंगांनी गिलावा मारून कोंडून टाकला आमी. मी भाऊंना बोललो व्हतो."

"पण ते तर पावसाळा खाल्लेल्या चिऱ्याशिवाय हात लावत नसत!"

"व्हता ना तसला चिरा. गुरुजींसाठीच वर्सभर ठेवलेला." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तो तुमच्या घराला लागला, वैनी."

अहो, का नाही बोललात?

मला तो उन्हाळा आठवतोय. भाड्याच्या दोन खोल्या, निखिलचा खोकला, आणि माझं रोजचं तोंड. 'गावाला घरं बांधून देता आणि बायकोला दुसऱ्याच्या छपराखाली ठेवता! या पावसात मी इथे राहायची नाही, माहेरी जाईन.' मीच बोलले होते. तुम्ही जेवत होतात. पानात हात धुवून उठलात आणि आठ दिवसांत आपल्या घराचं जोतं बांधायला घेतलंत. मी किती मिरवलं! आमच्या ह्यांनी एका उन्हाळ्यात घर उभं केलं! चिरा कुठून आला, हे एकदा तरी विचारलं का मी?

दर गणपतीत गुरुजी मोदकांचा डबा घेऊन यायचे. तुम्ही एकही मोदक खाल्ला नाहीत कधी. 'पोट बरं नाही.' दरवर्षी त्याच दिवशी कसं हो पोट बिघडायचं? मी तुम्हाला माणूसघाणे म्हटलं. गुरुजींसमोर म्हटलं!

आल्यापासून मी आपल्याच घराच्या भिंती ठोकतेय. एकेक चिरा खणखणीत वाजतो. हा आवाज मला ऐकवत नाही. अठ्ठावीस पावसाळे मी कोरडी झोपले, ती गुरुजींच्या चिऱ्यात.

आणि आपल्या पायरीत तुकडा नाही! मी विचारलं होतं, "आपल्यालाच का नाही?" तुम्ही म्हणालात, "घरच्या घरी कसली सही?" आज कळतंय. चांगल्या घरावर तुम्ही सही केली नाहीत, आणि त्या वाईट घरावर केलीत. का? कधीतरी कोणीतरी ओळखावं म्हणून? तो तुकडा ओळखणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच होती. माझ्यासाठी ठेवला होतात का तो?

मी काय करू, सांगा ना! 'थोडी ओल आहे, दुरुस्ती करावी' असं लिहिता येईल. कोणाला कळणार नाही. सर्टिफिकेट फाडून पुण्याला जाता येईल, त्या जिन्याकडे बघत बसता येईल. खरं लिहिलं तर तुमचं नाव जाईल, आणि माझ्याकडे दुसरं आहे काय? फोन येतात ते त्या नावामुळे. चार माणसं रस्त्यात थांबून बोलतात ती त्या नावामुळे. तुमच्यामागे मला उरलंय ते एवढंच. तेही माझ्याच हाताने पुसू? इतके कसे हो निष्ठुर, मरताना तरी सांगायचंत! दवाखान्यात माझा हात धरून तुम्ही दोनदा "गुरुजी" म्हणालात. मला वाटलं, शाळेतलं काहीतरी आठवतंय. मी म्हटलं, "पडून राहा, बोलू नका."

बोलू दिलं नाही मी तुम्हाला!

मघाशी मुग्धाचा फोन आला होता. "काकू, पाळण्याची दोरी घेऊन ठेवू ना?" मी म्हटलं, "थांब. रिपोर्ट वाच, मग बोल." "वाईट आहे का काही?" "हो," म्हटलं. तो हो तोंडातून गेला आणि मग मी हे लिहायला बसले.

तर ऐका. त्या रकान्यात तुमचं नाव लिहितेय, पूर्ण, आडनावासकट. खाली लिहितेय की हे माझे पती, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं. त्याखाली लिहितेय की या घरासाठी राखलेला चिरा माझ्या घराला लागला आहे. गुरुजींच्या मुलांनाही हेच कळवते. त्यानंतर फोन नाही आले तर नाही आले.

आणि वचन देते. ती भिंत उतरवून पुन्हा बांधतील, मुग्धा राहो की आणखी कोणी, तेव्हा मी तिथे उन्हात उभी राहीन. पावसाळा बघितलेला चिराच येईल आणि भिंतीत जाण्याआधी एकेक मी स्वतः वाजवून घेईन. तसा चिरा मिळाला नाही, तर आपली पडवी उतरवून देईन. मला एकटीला पडवी कशाला हवी? तुमच्या हत्यारांच्या पेटीत त्या कपाचा कान सापडलाय. तेवढाच उरला होता. तो मात्र मी कुठेच बसवणार नाही. माझ्याजवळ राहू दे.

रकाना भरला. सिस्टरांनी शिकवलेलं अक्षर, शेवटपर्यंत कुठे हललं नाही.

तुम्ही बांधलेल्या कोरड्या भिंतींच्या आत बसलेली,
तुमची शैला