सतरा वर्षं मागे पडलेलं घड्याळ

१२ फेब्रुवारी, बुधवार
(तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी दोनदा ताडून पाहिली आहे. का, ते पुढे कळेल.)

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. मी आणि तुझी आई ठीक आहोत. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, पेन भिकार आहे.

आधी हे सांगून टाकतो, म्हणजे छातीवरचा धोंडा उतरेल: तुझ्या चारही मेल मला काल मिळाल्या. एकदम. महिनाभर मी समजत होतो, की तू रागावून लिहिणंच सोडलंस. फोनवर आपण आधी भांडतो आणि मग ऐकतो, म्हणून यापुढे फक्त लिहायचं, असं तूच ठरवलं होतंस. आणि इकडे मेलची साईटच उघडेना.

मी काय काय केलं ते विचारू नकोस. राउटर बंद करून चालू केला, खिडकीत ठेवला, कपाटावर चढवला, वायर पुसून पुन्हा लावली. शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवर आपलंच वाय-फाय झकास चाललं, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. आईला म्हणालो, "जाताना तुझ्या लेकीनंच काहीतरी करून ठेवलंय." ती म्हणाली, "तिच्या नावानं खडे फोडू नका, कंपनीला फोन करा."

कंपनीतल्या मुलीला मी दहा मिनिटं झापलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, कॉम्प्युटरवर आज तारीख काय दिसतेय?"

एक जानेवारी. सतरा वर्षांपूर्वीची!

आतला गोल सेल संपला, की मेन बटण बंद केल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की सुरक्षेसाठी साईट उघडत नाहीत, असं ती म्हणाली. चाळीस वर्षं मी गावाच्या घड्याळांचे सेल बदलतोय आणि माझ्याच टेबलावर ही गत. दिव्याखाली अंधार! स्क्रीनवरच्या घड्याळाला मी घड्याळ मानतच नाही, त्याची ही शिक्षा. तारीख हातानं घातली आणि तुझ्या मेल धडाधड आल्या. आईला हाक मारली आणि हसता हसता मला रडूच आलं.

शेवटच्या मेलमध्ये तू विचारलं होतंस, "रविवारी येऊ का? उत्तर आलं नाही तर नको असं समजेन." त्या रविवारला आज दहा दिवस झाले. पोरी, मी नको म्हटलेलं नाही.

त्या दिवशी दुकानात तू म्हणालीस, "बाबा, हात थरथरतो तुमचा, आता थांबा." गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, ते मला झोंबलं. तुझा दुकानावर डोळा आहे, असं मी बोललो. ते बोलायला नको होतं. चुकलो.

काल नवा सेल बसवायला घेतला. ड्रॉवरमध्ये तसलेच डझनभर पडले होते. तीनदा हातातून निसटला. चौथ्यांदा आईनं बसवला.

दुकान बंद करायचं की कुणाला शिकवून सोपवायचं, ते तू या रविवारी आलीस की बसून ठरवू. मेलही पाठवतोय, पण मेलमध्ये अक्षर दिसत नाही. हे तुला दिसायला हवं.

पेन चांगलं आहे, ठमे. कालच नवं आणलंय.

तुझी वाट बघणारा,
बाबा