वर्षाराणीची लस

चि. सौ. मंगलला अंबाजोगाईहून तुज्या सासूचा पोटभर आशीर्वाद.

तुजी लेक वर्षाराणी खुशाल हाय, माज्या हातच्या भाकरीनं गालानं भरलीय. शेळी व्याली का?

फोनवर सगळी ऐकतेत, म्हनून लिवते. अक्षर वाकडं हाय, सावकास वाच.

गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हुऊ नये म्हनून कॉलेजात पोरींला लस देतेत. लग्नाआधी असली सुई नको, असं तू म्हनलीस. म्या वर्षासंगं कॉलेजात गेले, तवा पोरीबी कुजबुजत हुत्या, "फुडं लेकरू न्हाई झालं तर?" डॉक्टरीन म्हनली, तसं काई हुत न्हाई. तरी कुनी हलंना. मग म्याच म्होरं जाऊन दंड उघडा केला.

"आजी, ही तरन्या पोरींची लस हाय!" डॉक्टरीन म्हनली.

पोरी लई हसल्या, आन हसत हसत लायनीत आल्या. आपली वर्षा पयली!

तिचा दंड जरा ठनकला, कनकन आली हुती. आता बरी हाय. फुडच्या सुयांलाबी मीच संगं जानार.

घुस्सा करू नको. ऊसतोडीत खाडा पडू नये म्हनून तुजी पिशवी काढली, तवा तुला कुनी इचारलं न्हाई. वर्षाला म्या इचारलं. ती हो म्हनली.

तुजी आत्याबाई,
भिवराबाई