खोक्याशिवाय आलेला नायक

लिगाया,

सिनेमा बघून रडून रडून डोळे सुजवलेस आणि वर म्हणे, "शेवटी तो परत आला ना!" डोंबलाचा आला! अगं, इतकी वर्षं दुबईत राबलेला माणूस फाटकात रिकाम्या हातांनी उभा राहील? साबण, चॉकलेटं, कॉफीने भरलेला खोका कुठे होता? असा हात हलवत कुणी आलाय कधी आपल्या इलोइलोत? त्या बावळट नायिकेला स्वप्न पडलं होतं, एवढंही कळलं नाही तुला?

मी बाजारात जातेय. भात-मासळी झाकून ठेवलीय, जेव.

आणि तू ज्याची वाट बघतेयस, त्या डानिलोने परदेशातून पाठवलेला खोका परवा त्याच्या आईकडे आला. तिने अख्ख्या गल्लीत साबण वाटले. आपल्याकडे कुणी आलं नाही. दार मी दिवसभर उघडंच ठेवलं होतं.

— तुझी थोरली, कोरिंग