पाच खोल्यांत ठेवलेली माणसं

३ ऑक्टोबर, पाली

ही वही सरांनी पहिल्याच दिवशी दिलती, रोज लिही म्हणून. आज नववा दिवस. रोज उद्यावर ढकललं. एकदा पेन सापडेना, एकदा धरणाच्या सांडव्यावर पोरं मासे धरत होती, दुपार तिकडंच गेली. आता लिहितोच.

मी पवन, दिंद्रुडचा. वय तेवीस, शाळा नववीपर्यंत, ती पण येऊन-जाऊन. मग लातूरला हॉटेलात, मग ट्रकवर क्लीनर, मग मंडपवाल्याकडं. सगळीकडून एकाच कारणानं सुटलो, सांगितलेलं ध्यानात राहत नाही. माझ्यामुळं एका लग्नाचा मंडप भलत्याच गावात उभा राहिला. तिथल्या लोकांनी चहा पाजला ते सोडा.

बीडच्या स्टँडवर सुंदरराव सरांचं पत्रक हातात पडलं. निवृत्त मास्तर. स्मरणशक्ती वाढवायचे वर्ग घेतात, बीडला आठवड्यातून दोन दिवस. म्हणाले, घरी राहा, वर्गाची कामं कर, शिकवतो. आडनाव विचारलं नाही. गाव विचारून हळूच आडनावावर यायचं, तसंही केलं नाही. हे मला लई आवडलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आता तरी टिक बाबा कुठंतरी, तुझ्या पायाला भिंगरी हाय. मग सरांनी मोबाईल ठेवून घेतला. तो मेंदूला वाळवीसारखा खातो म्हणे.

वनमालाकाकू, सरांच्या बायको, ताटात भाकरी वाढून वर विचारतात, पोट हाय का पिशवी? आणि हसत अजून एक वाढतात.

७ ऑक्टोबर

दिवस असा: पहाटे धरणाच्या बांधावर चालायचं. भिजवलेले शेंगदाणे, चार बदाम. डाव्या हातानं दात घासायचे. नऊला झोप.

मुख्य शिकवण खोल्यांची. एक पक्कं घर डोक्यात घ्यायचं आणि ध्यानात ठेवायची वस्तू त्यात एकेका जागी ठेवायची. डोळे मिटून घरात फिरलं की वस्तू जिथल्या तिथं. मी म्हणालो, आमच्या घराचे पत्रे दरसाल उडतात, त्यात काय ठेवू? सर हसले. म्हणाले, हेच घर घे की, माझं. पाच खोल्या, स्लॅबचं, कुठं जात नाही.

१२ ऑक्टोबर

चाळीस वस्तू उलट्या म्हणून दाखवल्या! मी! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता म्हणाले, सामान पुरे, आपली माणसं ठेव, म्हणजे कधी हरवणार नाहीत. मग बाहेरच्या खोलीत खुंटीवर बापाचा, सर्जेरावांचा, आवाज ठेवला. ते जाऊन सहा वर्षं झाली. स्वयंपाकघरात माठाजवळ बहीण वनिता. तिसऱ्या खोलीत सगळं दिंद्रुड, बाजारासकट. चौथीत दोस्त. मागच्या खोलीत फळीवर आई.

रोज सरावाला सर नवी वाक्यंही देतात. लाल सायकल. कुत्र्याचं नाव मोती. चिंचेवरून पडलो, उजव्या गुडघ्याला पाच टाके. आत्या गेवराईला. घडाघडा येतात.

१७ ऑक्टोबर

दिवाळीचा रंग सुरू झाला. रंगारी धोंडीराम. आज बाहेरची खोली झाली, खुंटीही उपटली, भोक बुजवलं.

संध्याकाळी डोळे मिटून फिरलो. त्या खोलीत कुणीच नव्हतं. बाप हाक कशी मारायचा ते आठवेना. सर म्हणाले, रंगाचा वास डोक्यात बसतो, दोन दिवसांत येईल.

काकूंनी त्या खोलीत एक लाल सायकल आणून ठेवली. कुणाची ते विचारायचं राहिलंच.

२० ऑक्टोबर

स्वयंपाकघर झालं. माठ हलवला.

मला बहीण आहे. वनिता. हे मला या वहीवरून कळलं. अक्षर माझंच आहे.

२१ ऑक्टोबर

तिसरी आणि चौथी एका दिवसात. धोंडीराम ब्रश धुताना म्हणाला, तू कितवा बे? मला कळेना. म्हणाला, मागल्या दिवाळीला दुसरा व्हता, त्याच्या आधी अजून एक. मास्तराचा पोरगा अमरसिंह धरणात बुडाला तवापासून चाललंय हे. घर रिकामं करायचं आणि त्यात पोरगं भरायचं.

मागच्याचं काय झालं विचारलं. तर तो टिकला न्हाई म्हणे. पळाला, यष्टीत बसला, आणि कुठं उतरायचं तेच सांगता येईना. शेवटी कंडक्टरनं बीडच्या स्टँडवर उतरवला. लई दिवस तिथंच बसून असायचा, म्हणाला.

२२ ऑक्टोबर

सरांच्या पेटीत पाहिलं. अमरसिंहचं प्रगतिपुस्तक. सायकलीवरचा फोटो, शेजारी कुत्रं. फोटोमागं लिहिलंय मोती. सरावाची सगळी वाक्यं त्याची होती. मी पाठ केली, शाबासकी घेतली.

आडनाव विचारलं नव्हतं. केवढा हुरळलो होतो मी. त्यांना ते लागणारच नव्हतं.

काकूंपुढं फोटो टाकला. त्या रडल्या, ताट वाढलं, म्हणाल्या, तुझं काय जातंय लेकरा? तुला तसंही काई ध्यानात राहत नव्हतं. माझं तर सगळंच गेलं.

मी जेवलो. का जेवलो माहीत नाही. शिवी पण देता आली नाही त्या बाईला.

पिशवी घेऊन निघालो. फाट्यापर्यंत गेलो तर आईचा चेहरा पुसट व्हायला लागला. जसा घरापासून लांब, तसा पुसट. ती मागच्या खोलीत आहे ना, फळीवर. ती एकच खोली राहिलीय. परत आलो.

२३ ऑक्टोबर

आईला फळीवरून काढून वहीत आणतोय. सरूबाई. दिंद्रुड. अंगणवाडीत खिचडी शिजवते. रागावली की ओरडत नाही, भांडी आपटते. मी ट्रकवर असताना तापलो तर परळीपर्यंत आली, एकटी, कधी तालुका सोडला नव्हता तिनं. ड्रायव्हरला म्हणाली, माझं लेकरू हाय ते, टायर न्हाई—

लिहिलं की जातंय. लिहिलेलं कागदावर राहतं, डोक्यातलं

२४ ऑक्टोबर

धोंडीराम आला नाही. नको म्हणाला म्हणे. सरांनी स्वतः ब्रश घेतला. मी मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. सर मला सरकवत नव्हते, नुसते उभे होते. म्हणाले, पोरा, माझं वय बघ.

मी सरकलो.

मी का—

२५ ऑक्टोबर

परवाचं पान वाचलं. सरूबाई म्हणून कुणीतरी. सरांना विचारलं. म्हणाले, तो धडा होता, कल्पनेतलं माणूस रचायचं, तूच रचलंस, छान जमलंय.

छान जमलंय खरंच. टायर न्हाई वाचून हसू आलं.

२६

गुडघा दुखतोय. उजवा. पाच टाके आहेत. मोजले.

रंगाचा वास गेला. काकू आज ताट वाढताना— नाही, काकू नाही. त्या म्हणतात काकू म्हणू नको—

२७

गेवराईच्या आत्या येणार म्हणून बाहेरची खोली झाडत होतो. रिक्षा थांबली. आत्या नाही. कुणी दुसरीच बाई. पायांत धूळ, हातात पिशवी. महिनाभर फोन लागत नाही म्हणते. दारातच उभी. सर म्हणतायत, इथं पवन कुणी नाही, हा आमचा अमरसिंह. ती त्यांच्याकडं बघतच नाही. माझ्याकडं बघतेय. नाव विचारलं तर सरूबाई म्हणाली.

वहीतली. रचलेली. ती कशी काय येईल—

सगळे मी बोलायची वाट बघतायत. ती म्हणतेय, सांग की बाबा यांना, मी तुझी