उजवा कौल

कोंडाणे, माघ वद्य पंचमी, शके १८१२

भागूवहिनींच्या पायाशी धाकट्या दिराचं, येसाजीचं डोकं.

भाताच्या खळ्यावर आबा कोसळले, वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. तेव्हा देवीला लावतात तसा त्यांनाच कौल लावायची अक्कल माझी. नजर उजवीकडे गेली तर होय, डावीकडे गेली तर नाही. दादा वारल्यापासून घरात प्रत्येकाचं बोट तुमच्याकडेच जायचं. मी विचारलं, "आबा, भागूनं करणी केली का?" दोन्ही डोळे सावकाश उजवीकडे गेले.

तुम्ही उंबऱ्यात उभ्या होतात. "भावजी, उलटं बी इचारा," एवढंच म्हणालात. एकाच गोष्टीचा कौल दोनदा लावत नाहीत, असं म्हणून मी तुम्हाला माहेरी हाकललं.

परवा कर्जतहून डॉक्टर आला. त्यानं आबांच्या डावीकडे काडी पेटवून धरली. डोळे मधोमध येऊन थबकले. मेंदूच्या बुडाशी रक्त सांडलंय, म्हणाला. ही नजर डावीकडे वळूच शकत नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "भागू निर्दोष हाय का?" उजवीकडे. "आबा, तुमी मेलात का?" उजवीकडे.

लगेच पळसदरीला गडी पाठवला. तुम्ही माहेरी पोचल्याच नव्हतात. हे पत्र कुठं धाडू?

काल आबांच्या उशाशी बसून विचारलं, "भागू जिती हाय ना?" डोळे उजवीकडे गेले.

आज सकाळपासून तेवढंच विचारतोय.

तुमचा अपराधी,
येसाजी