दुप्पट भांड्याची पेज

खोवे गाव, सलीमा
मंगळवार

वडीलधाऱ्या मामांच्या चरणी भाची तियांजाने हिचा गुडघे टेकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तपकिरी शेळी व्याली असेल, तर पिलांतली एक पाट माझ्या नावाची ठेवा (मागच्या वेळीही ठेवणार होतात, असो). आम्ही इथे खुशाल आहोत. तलावात उसिपा मासळी भरपूर आहे आणि आमच्या शाळेला हेडमास्तर म्हणून अजूनही कचालेच आहेत.

या माणसाबद्दल काय लिहू? वय पस्तिशीचं, चाल सत्तरीची. गणित म्हणजे पाढे, आणि पाढे म्हणजे ओरडणं, असं त्यांचं मत. मी प्रशिक्षणाहून आले ती नवा मंत्र घेऊन: मुलांना उत्तर सांगायचं नाही, "कशावरून?" एवढंच विचारायचं. तेव्हापासून सहावीची मुलं मलाही "कशावरून?" विचारतात आणि कचाले खिडकीतून बघत सुस्कारे सोडतात.

तर गेल्या आठवड्यात कुणा दानशूर मंडळींनी शाळेला सकाळच्या पेजेसाठी नवं भांडं दिलं. कचालेंनी ते टेपनं मोजलं. उंची जुन्याच्या दुप्पट, रुंदी दुप्पट. स्वयंपाकाच्या नाफिरीबाईंना हुकूम सुटला, "भांडं दुप्पट, पीठ दुप्पट. पाणी काठोकाठ." पेज अशी झाली की मुलांना तीत आपापले चेहरे दिसले. (एका पोरीनं तर भांग नीट करून घेतला.)

मला आयतीच संधी मिळाली. सगळा वर्ग अंगणात नेला. म्हटलं, ही एक वीट. हिच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच ढीग रचायचा, तर विटा किती? "दोन!" "चार!" "सहा, मॅडम, शप्पथ!" असा गलका झाला. शेवटी रचूनच बघितलं. आठ! तरी विश्वास बसेना, म्हणून जुन्या भांड्यानं नव्यात पाणी ओतलं. आठव्या भांड्याला ते काठोकाठ भरलं. मुलं नाचली. कचालेंनी टेप खिशात घातली. मामा, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो ख्रिस्ती बाईला शोभणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नाफिरीबाईंना ऐटीत सांगितलं, "आठपट पीठ." त्या म्हणाल्या, "बाई, विचार करा हं." मी म्हटलं, "केलाय." पेज अशी झाली की पळी उभी राहावी! मुलांनी दोनदा घेतली, तीनदा घेतली, भांडं काही हटेना. मग गावातल्या म्हाताऱ्या आल्या, रस्त्यावरचे सायकलवाले आले, पाद्रीसाहेब तर दोनदा आले. संध्याकाळी कोठीत पाहिलं, तर पुढच्या आठवड्याचं पीठसुद्धा संपलेलं.

सकाळी पेज नाही. वर्गात उपाशी पोरं बसलेली. मवायी नावाची एक मुखदुर्बळ मुलगी आहे, वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं तिनं. ती उठली. "मॅडम, भांडं आठपट झालं, पण आम्ही कुठं आठपट झालोय? भरायचंच कशाला?"

वळून बघते तर दारात कचाले उभे. मला वाटलं, आता गेली नोकरी. पण ते आत येऊन म्हणाले, "मुलांनो, पहिली चूक माझी होती. दुसरी मॅडमची. बरोबर एकटी मवायी." आणि मामा, तो माणूस हसला! दात चांगले आहेत. मग स्वतःच्या कणगीतला मका सायकलवर लादून गिरणीवर नेला, आठवडाभर पुरेल एवढा. मवायी आता बोलायची थांबत नाही.

तरीही हट्टी माणूस आहे. खडू मोजून देतो. माझं त्यांच्याशी कधी जमणं शक्य नाही.

मामींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची,
तियांजाने

ता. क. येत्या रविवारी एक वयस्क गृहस्थ रीतीप्रमाणे कोंबडा घेऊन तुमच्याकडे येतील. ते कचालेंचे मामा. माझ्या लग्नाचं बोलायचं म्हणतात.

ता. ता. क. तुम्ही सवयीनं आधी नाही म्हणता. धाकट्या मावशीच्या वेळी तीनदा म्हणालात. मामा, या वेळी तेवढा दम माझ्यात नाही.